थोरल्या वन्संचा थायरॉईड

पेणमध्ये गणपती फार पूर्वीपासून आहेत, पण थायरॉईड मात्र आमच्या थोरल्या वन्संनी आणला. निदान त्यांचं तरी तसं ठाम मत आहे. त्यांच्या आधी तालुक्यातल्या बायका नुसत्याच जाड व्हायच्या, नुसत्याच दमायच्या, नुसत्याच चिडायच्या. त्या सगळ्याला मिळून एक नाव आहे, त्याची एक छोटीशी गोळी मिळते आणि ती उपाशीपोटी घ्यायची असते, हे ज्ञान वन्संमुळे गावात शिरलं. त्यांचा स्वतःचा थायरॉईड चाळिशीतला, आता त्या पन्नाशी ओलांडून पुढे आल्या, म्हणजे तसा जुना. घराण्याचं जुनेपण सांगावं तसा त्या तो सांगतात. कुणी नवीन बाई "मलाही निघाला हो" म्हणत आली, की वन्सं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळतात आणि विचारतात, "आकडा किती?" आकडा त्यांच्यापेक्षा कमी निघाला तर "मग तुझा आपला हौसेचा" असं म्हणून तिला निकालात काढतात, आणि जास्त निघाला तर लॅब बदलायला सांगतात.

मी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. रोह्याला लागून असलेल्या वरशात आमचं घर आहे. मी शाळेत शिकवते, आमचे हे कंपनीत शिफ्टला जातात. वन्संना दिलं पेणच्या गणपतीच्या कारखान्यात, म्हणजे भावजींचा मूर्तींचा पिढीजात कारखाना आहे. पेण आणि रोहा यांच्यात अंतर आहे ते बरं, असं मी लग्न झाल्यावर म्हणत असे. नंतर मोबाईल आले आणि ते अंतर संपलं.

लोक माणसाला चेहऱ्यावरून ओळखतात, वन्सं गळ्यावरून ओळखतात. बाई समोर आली की त्यांची नजर आधी मंगळसूत्रावर जाते आणि मग त्याच्या जरा वर जाऊन थांबते. मंगळसूत्राची मालकीण खूश होते, की बघा, हिला डिझाईन आवडलं. वन्सं म्हणतात, "आवंढा गीळ बघू." एकदा रोह्याजवळच्या अष्टमी गावात एका लग्नात नवऱ्या मुलाच्या आईची ओटी भरताना त्यांनी हेच सांगितलं. ती बाई मुलाच्या लग्नाने आधीच हळवी झालेली, तिने मुकाट्याने गिळला. मागे रांगेतल्या बायकांना वाटलं, ही पेणकडची काही रीत असेल, म्हणून त्याही आवंढे गिळत पुढे सरकू लागल्या. वन्संनी त्यातल्या तिघींना तपासणी करून घ्यायला सांगितलं आणि एकीला खरोखरच थायरॉईड निघाला. झालं. तेव्हापासून त्यांच्यापुढे कुणाचं काही चालेना. उरलेल्या दोघींना काहीच निघालं नाही, पण हा भाग वन्सं सांगत नाहीत.

मला पंचेचाळिशी उलटल्यावर थायरॉईड निघाला तेव्हा घरात सगळ्यात जास्त समाधान त्यांना झालं. "चला, आता आपल्यात बोलायला कायतरी हाय," असं म्हणून त्यांनी माझे उपचार ताब्यात घेतले. रोज सकाळी सहाला पेणहून फोन येऊ लागला. "गोळी घेतलीस?" घेतली. "आणि च्या?" नाही अजून. "बघ हां गो. तासभर तोंडात काय घालू नको. गोळीला एकटीला जाऊ दे आत, तिला सोबत आवडत नाय." इकडे आमचे हे रात्रपाळीहून आलेले, गॅसवर आल्याचा चहा उकळतोय, घरभर वास सुटलाय, आणि मी व्रतस्थ बसलेली. एकदा बोलता बोलता मी चोरून एक घोट घेतला. पलीकडून आवाज आला, "वहिनी, तुझा आवाज ओला येतोय." आमच्या शाळेत एवढा कडक तपासनीस आजवर आलेला नाही.

जेवणाच्या बाबतीत त्यांची मतं कुठून आली ते त्यांनाही ठाऊक नसावं, पण त्यामुळे मतांचा जोर कमी होत नाही. कोबी आणि फ्लॉवर त्यांनी स्वतःच्याच नव्हे तर माझ्याही घरातून हद्दपार केले. डॉक्टरांनी शिजवून खाल्ला तर चालतो असं सांगितल्यावर वन्सं म्हणाल्या, "डॉक्टरला चालंल, त्याला कुठं थायरॉईड हाय." रोह्याच्या बाजारात तर त्यांनी एका भाजीवालीला बजावलं, की चाळिशीच्या पुढच्या बाईला कोबी देशील तर पाप लागेल. भाजीवालीने शांतपणे विचारलं, "वय कसं वळखू मावशी? इचारलं तर मारतील." मिठाच्या बाबतीत मात्र वन्संची कुचंबणा झाली. त्यांचं सासर खाडीकाठचं, मिठागरांच्या जाड्या मिठावर पोसलेलं, आणि ते मीठ म्हणजे घरच्या इज्जतीचा प्रश्न. इकडे थायरॉईडसाठी पिशवीतलं आयोडीनचं मीठ हवं. त्यांनी दोन बरण्या केल्या. आमटी-भाजीत पिशवीतलं मीठ, लोणच्यात जाडं. मी म्हटलं, "ताई, लोणचंही तुम्हीच खाता ना?" त्या म्हणाल्या, "मी खाते, पण थायरॉईड लोणच्याला नाय."

पुढे त्यांची पाळी जायचा काळ आला. बाकीच्या बायका ही गोष्ट एकमेकींच्या कानात सांगतात. वन्संनी ती कारखान्यात, मूर्ती ठरवायला आलेल्या मंडळाच्या पोरांसमोर जाहीर केली. "जरा दमानं घ्या रे, मला मधेच गरमीचा झटका येतो. बंद व्हायचं वय हाय माझं." ती दहा-बारा पोरं एकाच मूर्तीच्या सोंडेकडे एकाग्र होऊन बघत राहिली. भावजी माती बघून येतो म्हणत मागच्या दाराने बाहेर पडले आणि दुपारी जेवायलाच उगवले. त्या झटक्यांनी आमच्या घरालाही बरंच सोसायला लावलं. पौषात त्या रोह्याला राहायला आल्या तेव्हा पंखा पाचवर. आमचे हे स्वतःच्या घरात कानटोपी घालून, दोन चादरी घेऊन बसले होते. कुणी पंख्याच्या बटणाकडे नुसतं पाहिलं तरी वन्सं म्हणायच्या, "थंडी बाहेर हाय रे, माझ्या आत नाय."

आणि राग. तो त्यांना आधीही येत असे, पण आता त्याला शास्त्राचा आधार मिळाला. सकाळी भावजींवर ओरडायचं, दुपारी सुनेवर, संध्याकाळी माझ्यावर फोनवरून, आणि रात्री सगळ्यांना सांगायचं की ते सगळं हार्मोनचं होतं, मनावर घेऊ नका. एकदा मीही उलट चिडले आणि म्हणाले, मलाही तोच आजार आहे, तेच वय आहे, मग माझा राग का नाही चालत? वन्संनी फार समजुतीने सांगितलं, "माझा राग हार्मोनचा हाय. तुझा स्वभाव हाय."

अशा बाईला लोक इतकी वर्षं का सोसत आले, असं तुम्ही विचाराल. त्याचं उत्तर त्यांच्या उजव्या हातात आहे. वन्सं गणपतीचे डोळे आखतात. कारखान्यात माती मळणारे आहेत, साच्यातून मूर्ती काढणारे आहेत, अंगाचा रंग देणारे आहेत. सून पितांबर आणि दागिने फार सुरेख रंगवते. पण डोळ्यांची आखणी लग्न होऊन आल्यापासून वन्संची. सासऱ्यांनी त्यांना शिकवली आणि स्वतःचा हात थकल्यावर ब्रश त्यांच्याकडे दिला. डोळे होईपर्यंत भावजी मूर्तीला 'नग' म्हणतात. "दोन नग तिकडे सरकवा, तो नग वाळला का बघा." डोळे झाले की तोच माणूस त्याच मूर्तीला 'बाप्पा' म्हणतो आणि तिच्यासमोर विडीही ओढत नाही. आखणीला बसलेल्या वन्सं मी पाहिल्या आहेत. त्या वेळी त्या बोलत नाहीत. थायरॉईडबद्दलसुद्धा बोलत नाहीत. ओल्या रंगावर धूळ बसते म्हणून पंखा बंद असतो आणि एरवी पंख्यासाठी भांडणारी ही बाई घामाने निथळत मूर्तीच्या तोंडाशी तोंड नेऊन बसते, श्वास धरते आणि एका दमात भुवई ओढते. मग पापणी, मग बुबुळ. आणि समोरची माती आपल्याकडे बघायला लागते. दरवर्षी बघूनही मला दरवर्षी थोडी भीती वाटते. कारखान्यातल्या रंगकामात वन्संचा एकच कायदा चालतो, की एका थराने भागलं नाही तर मालाला नावं ठेवू नयेत, वर दुसरा थर द्यावा. हा कायदा त्या रंगापुरताच ठेवत्या तर बरं झालं असतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यापासून त्या भावाकडे, म्हणजे आमच्या ह्यांच्याकडे, गोळ्यांच्या पट्ट्या मागू लागल्या. पेणला गोळ्या मिळत नाहीत का, असं मी विचारलं. "मिळतात गो, पण हिथला मेडिकलवाला लई चौकशा करतो. आणि रोह्याच्या गोळीला गुण हाय." हे नवीन खूळ आहे असं आम्ही धरून चाललो. वन्संच्या खुळांची आम्हाला इतकी सवय, की त्या उद्या म्हणाल्या असत्या गोळी रोह्याच्या कुंडलिका नदीच्या पाण्याबरोबरच घ्यायची, तर आमच्या ह्यांनी कळशी भरून पाठवली असती. शिवाय गुण दिसतही होता. वन्सं भराभर बारीक झाल्या. फोनवर मला वजनाची प्रवचनं ऐकू येऊ लागली. "साडीच्या निऱ्या दोन जास्त येतात माझ्या. तू बघ, तशीच ढोल." झोप येत नाही, छातीत धडधडतं, घाम तर धो धो वाहतो, हेही त्या सांगत, पण तक्रार म्हणून नाही. "बंद व्हायचं वय गो, असतंच बायकांचं," असं म्हणून त्या सगळं त्या एकाच खात्यात टाकत.

श्रावणात मी आमची मूर्ती बघायला पेणला गेले. कारखान्यात पाय ठेवला आणि काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. दरवर्षी या दिवसांत तिथे शिरलं की चहूकडून आपल्याकडे बघितलं जातं. या वेळी कुणीच बघत नव्हतं. फळ्यांवर ओळीने मूर्ती, रंग झालेला, दागिने झालेले, आणि डोळ्यांच्या जागी कोरं. भावजी हळूच म्हणाले, "मुहूर्त बघतायत." वन्सं म्हणाल्या, ब्रशाचे केस नीट नाहीत. मग म्हणाल्या, उजेड धड नाही. मग काळ्या रंगाच्या बाटलीला नावं ठेवून झाली. मालाला नावं ठेवू नयेत हा त्यांचा स्वतःचाच कायदा, आणि त्याच तो मोडत होत्या. सुनेने चहा आणून दिला. वन्संनी कपबशी उचलली, आणि कप बशीवर वाजू लागला. किणकिण किणकिण. सून खाली बघत राहिली. वन्सं म्हणाल्या, "बशीच हलकी हाय. हल्ली भांडी कुठं धड मिळतात."

मी विचारलं, "ताई, गोळी किती घेता?"

"सकाळी एक. सांजच्याला एक."

"डॉक्टरांनी सांगितली दुसरी?"

"डॉक्टर काय सांगणार?" त्यांनी कप खाली ठेवला, वाजू नये म्हणून दोन्ही हातांनी. "मला सुस्ती यायला लागली होती. हात चालंना, दिवसाचं काम दोन दिवस पुरायला लागलं. म्हटलं, एका थरानं भागत नाय तर दुसरा देऊ." हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर चक्क थोडा अभिमान होता. सगळ्या तालुक्याला गोळीचे नियम शिकवणाऱ्या बाईने स्वतःच्या बाबतीत मूळ नियमच मोडला होता, आणि तोही रंगाऱ्याच्या अकलेने.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना घेऊन रोह्याला निघाले, माझ्या डॉक्टरीणबाईंकडे. गाडीत नागोठण्यापर्यंत त्या मला उपासाचे पदार्थ आणि थायरॉईड यावर शिकवत होत्या. नागोठणं मागे पडलं आणि त्या पिशवीतले जुने रिपोर्ट चाळत बसल्या. दवाखान्यात मात्र पुन्हा रंगात आल्या. डॉक्टरीणबाईंनी काय होतंय विचारताच त्यांनी गरमीचे झटके, वय, पाळी आणि हार्मोन यांवर असं काही निरूपण केलं की बाहेरच्या बाकावरच्या बायकाही कान देऊन ऐकू लागल्या. डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "घाम, धडधड, झोप उडणं हे पाळी जाताना होतं, आणि गोळी जास्त झाली तरीही होतं. तुमचं कशाचं आहे ते नुसतं सांगून कसं कळणार? हात पुढे करा, बोटं पसरा." त्यांनी वन्संच्या पसरलेल्या बोटांवर एक कोरा कागद ठेवला.

कागद फडफडायला लागला.

"पंखा चालू हाय तुमचा," वन्सं म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई उठल्या आणि त्यांनी पंखा बंद केला. पाती हळूहळू थांबली. कागद फडफडतच होता. वन्सं त्याच्याकडे बघत होत्या. शेवटी त्यांनीच तो डाव्या हाताने उचलून टेबलावर ठेवला.

रक्ताच्या तपासणीतही तेच निघालं. संध्याकाळची गोळी बंद, सकाळची डॉक्टर सांगतील तेवढीच, आणि काही आठवड्यांनी पुन्हा तपासणी. वाटणारा उकाडा थोडा वयाचा, बराचसा त्या दुसऱ्या थराचा. "हात थांबेल ना?" मीच विचारलं. थांबेल, त्या म्हणाल्या, पण लगेच नाही, अंगातली जास्तीची गोळी उतरायला वेळ लागतो. वन्सं म्हणाल्या, "गणपती त्याच्या आत हायत." डॉक्टरीणबाईंनी लिहिता लिहिता मान वर केली. पेणची मूर्ती त्यांच्याकडेही बसत असणार.

बाहेर आल्यावर वन्सं पायरीवर बसल्या. "तेवढे सगळे आंधळे राहतील गो माझ्यापायी," त्या म्हणाल्या. इतकी वर्षं मी त्यांना आजारी माणूस म्हणून ओळखत होते. त्या दिवशी त्या पहिल्यांदा आजारी दिसल्या.

पेणला परतल्यावर त्यांनी सुनेला हाक मारली आणि ब्रश तिच्या हातात दिला. हे मी जितक्या सोपेपणी लिहिते तितक्या सोपेपणी ते झालं नाही. सुनेने आधी जुन्या फुटक्या मूर्तींवर हात बसवला. वन्सं शेजारी पाटावर बसून म्हणत, "हा उजव्या डोळ्यानं रुसलाय. हा तुझ्या बापासारखा बघतोय. ह्याला काय थायरॉईड हाय का, डोळे बाहेर आलेत?" सून दोनदा रडली, भावजी चारदा माती बघायला गेले. पण सुनेचा हात चांगला होता. तो वन्संनी इतकी वर्षं दागिन्यांवर वाया घालवला होता, हे त्यांनाही दिसलं असणार. एका संध्याकाळी त्या म्हणाल्या, "बरे हायत." हे दोन शब्द सून अजून माहेरी सांगते. सगळे बाप्पा वेळेत बघू लागले. एकच मूर्ती वन्संनी बाजूला ठेवायला लावली, आमची.

आम्ही मूर्ती आणायला गेलो तेव्हा ती तशीच कोरी होती. वन्संनी पंखा बंद करायला सांगितला. उजवं मनगट डाव्या हाताने धरलं, श्वास धरला आणि भुवई ओढली. रेघ मधोमध किंचित थरथरली. दुसरी भुवई पहिलीपेक्षा जास्त थरथरली. पापण्या, बुबुळं झाली. आखलेला डोळा पुसायचा नाही, ही त्या कारखान्याची रीत. वन्संनी ब्रश खाली ठेवला आणि भावजींना म्हणाल्या, "हिला सुनेच्या हातचा द्या. हा नाय द्यायचा."

मी म्हटलं, "मला हाच हवा."

"लोक बोलतील गो."

"लोकांचं मी बघते, ताई. माझा स्वभाव आहे ना तसा."

लोक बोललेच. एक शेजारीण बराच वेळ मूर्तीपुढे उभी राहून म्हणाली, "यंदा डोळे जरा वेगळे वाटतात, नाही?" मी तिला आवंढा गिळायला सांगितलं. पण खरं सांगायचं तर त्या दीड दिवसात मी स्वयंपाकघरातून उगाचच दहा वेळा बाहेर आले. दरवर्षीचा बाप्पा आपल्याकडे बघतो तो देवासारखा, थोडा वरून. हा बघत होता तो काहीतरी विचारायचं राहून गेल्यासारखा.

विसर्जनाला वन्सं पेणहून आल्या. याआधी त्या कधी येत नसत. आपण उघडलेले डोळे पाण्यात जाताना बघवत नाहीत, असं म्हणत. कुंडलिकेच्या घाटावर आमचे हे पाट घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उतरले. आम्ही दोघी पायरीवर होतो. पाणी सोंडेपर्यंत आलं, मग डोळ्यांवर आलं. पाणी जरा नितळ होतं, म्हणून मूर्ती खाली जातानाही क्षणभर दिसली, दोन्ही भुवया, दोन्ही डोळे.

"आता कुणाला कळायचं नाय," वन्सं म्हणाल्या. "पाण्यात सगळ्यांच्याच रेघा हलतात."

एवढं हळू बोललेल्या वन्सं मला ठाऊक नाहीत. त्यांनी माझ्यावर ओरडावं, माझ्या वजनावरून बोलावं, काहीही करावं, असं मला फार वाटलं. मी त्यांचा उजवा हात धरला. तो अजून थोडा थरथरत होता. मला वाटलं, झटकतील. त्यांनी तो माझ्या हातात तसाच राहू दिला, आणि तेच मला सहन झालं नाही.